कडीपाटावर फरशी

भिवंडींतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आतां तरुण मंडळींस फरशी हवी असते. इच्छा गैर नाहीं. सुताराआधीं गवंडी बोलावणें मात्र गैर. संस्कृतांत फरसबंदीस ‘कुट्टिम’ म्हणतात, म्हणजे कुटून घट्ट केलेली भूमि. कडीपाटावर कुटतां येत नाहीं, हीच खरी अडचण. लांकूड आषाढांत फुगतें, वैशाखांत आक्रसतें. फरशीस दोन्ही ठाऊक नाहींत, म्हणून फळी हालली कीं सांधा तडकतो.

प्रथम फळ्या उचलून तुळयांचीं भिंतींत गेलेलीं टोंकें तपासावीं. वाळवी व कूज तेथेंच दडते. पोकळ तुळई बदलल्यावांचून पुढें जाऊं नये.

खोलगट जागा सिमेंट-वाळूनें भरण्याचा मोह फार! पण १०० चौरस फुटांवर १ इंच थर म्हणजे सुमारें ५०० किलो ओझें. त्यापेक्षां तुळईच्या बगलेस नवी पट्टी जोडून पातळी साधावी, फळ्या स्क्रूनें आवळाव्या, उंचवटे रंध्यानें काढावे आणि पाणसळ उभीआडवी फिरवावी. वर सिमेंटचे तक्ते, सांधे चुकवून व भिंतीलगत किंचित् फट ठेवून, बसवावे. मग लवचिक चिकटद्रव्यावर फरशी.

इतकें करूनहि चालतांना माळा कांपत असेल, तर फरशीचा नाद सोडून फळ्यांस तेलपाणी करावें.