पेशींच्या गप्पा, आपल्या थापा

गेल्या सेमिस्टरला आम्ही प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये एक झकास चित्र लावलं होतं. गोलावर रंगीत ठिपके, एकेक ठिपका म्हणजे पेशींचा एकेक प्रकार, आणि मधे जाड-बारीक बाण. "या पेशी त्या पेशींशी बोलतात," असं मी ठणकावून सांगितलं. एक्स्टर्नल खूश, मार्क खिशात! आज मात्र त्या वाक्याची लाज वाटते.

चित्र काढलं होतं 'सेलचॅट'ने. 'सेलफोनडीबी' हे त्याचंच भावंडं. दोन्ही फुकट मिळतात. एक पेशी प्रथिनाची किल्ली सोडते, दुसरीच्या अंगावर कुलूप असतं. जुळलं की निरोप पोचला. कोणत्या गटातल्या पेशींत कोणती जनुकं चालू आहेत ते बघून सॉफ्टवेअर किल्ली-कुलपांच्या यादीतून जोड्या लावतं.

आता आपल्या हॉस्टेलवर या. समजा, सगळ्या पोरांना खोल्यांतून काढून मैदानात उभं केलं आणि खिसे तपासले. एकाकडे किल्ली बनवायला टाकल्याची पावती, दुसऱ्याकडे कुलपाची. म्हणजे हा त्याच्या खोलीवर जातो? अहो, एक ए विंगला असेल, दुसरा डी विंगला! सिंगल-सेलसाठी ऊती सुटी करतानाच पत्ते हरवतात. शिवाय आपण मोजतो तो आरएनए, म्हणजे नुसती पावती. प्रथिनाची किल्ली कुणी पाहिलीय?

सेलफोनडीबी पेशींच्या गटांच्या पाट्या हजार वेळा सरमिसळ करून जोडी योगायोगाची नाही ना, हे तपासतं. चांगलंच आहे. पण त्याने भेट झाली हे सिद्ध होत नाही. २०२२ मध्ये 'लियाना'च्या कर्त्यांनी १६ याद्या आणि ७ पद्धती ताडून पाहिल्या, तर यादी किंवा पद्धत बदलली की उत्तरंही बरीच बदलत होती.

मग सॉफ्टवेअर टाकाऊ? मुळीच नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतल्या वारेच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या सुमारे ७० हजार पेशींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असेच अंदाज बांधले होते. पण ती मंडळी तिथे थांबली नाहीत. ऊतीचे काप मायक्रोस्कोपखाली ठेवून कोण कुणाच्या शेजारी आहे तेही त्यांनी पाहिलं.

आपल्याकडे तशी सोय नाही, कबूल. पण दोन टूल चालवून दोन्हींत आलेल्या जोड्या वेगळ्या दाखवणं, आणि "बोलतात"ऐवजी "बोलत असाव्यात" लिहिणं तर जमेल? आणि सर, मॅडम, तुम्हीही व्हायव्हात एवढंच विचारा: "हा बाण कशावरून?"

मला कुणी विचारलं असतं, तर मी गप्प बसलो असतो.