साडेचार हजार दिरहम म्हणजे नेमके किती? आखातातल्या इंग्रजी शिक्षकांचा हिशोब

जानेवारी लागला की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "मुलीचं एम.ए. इंग्लिश झालंय, बी.एड. पण आहे. शारजाहच्या शाळेतून ऑफर आलीय, साडेचार हजार दिरहम. पाठवू का?" आखाती देशांतल्या सीबीएसई शाळांचं वर्ष आपल्यासारखं जूनला नाही, एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे भरतीची धावपळ जानेवारी ते मार्च. फोन करणारे अब्बा बहुतेक वेळा महाड, म्हसळा, खेड, चिपळूणकडचे, स्वतः दहा-पंधरा वर्षं सौदी नाहीतर कुवेतमध्ये काढून परत आलेले. आखात त्यांना नवं नाही. नवं हे आहे की आता घरातून ड्रायव्हर, फिटर किंवा सेल्समन नाही, तर शिक्षक निघालाय. आणि शिक्षकाच्या पगाराचा हिशोब वेगळा असतो.

वेगळा कसा? अब्बा गेले तेव्हा कंपनीची खोली होती, साइटवर न्यायला बस होती, कित्येक ठिकाणी जेवणही होतं. पगार कमी असला तरी तो जवळपास पूर्ण घरी यायचा. शिक्षकाला आकडा मोठा दिसतो, पण त्यातूनच घर, प्रवास, जेवण आणि कपडेलत्ते सगळं करायचं असतं. शिवाय शिक्षक माणूस कुटुंब सोबत नेण्याचं स्वप्न बघतो, आणि बघणारच. सगळी गडबड इथूनच सुरू होते.

आधी हे मान्य करू की मुलं-मुली उगाच निघत नाहीत. आपल्या राज्यात शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढलं, तेही प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार. त्यावर तीन वर्षं काढायची, मग वेतनश्रेणी. पण तिथवर पोचण्यासाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, आणि पहिली चाचणी २०१७ ला झाल्यावर दुसरी झाली थेट २०२३ ला. मधल्या सहा वर्षांत ज्यांचं बी.एड. झालं त्यांनी काय करायचं होतं? विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मिळेल त्या पगारावर शिकवायचं, हाच पर्याय. अशा मुलीसमोर साडेचार हजार दिरहम आले आणि कुणीतरी मोबाइलवर गुणाकार करून एक लाख आठ हजार रुपये सांगितले, तर घरात मिठाई येणारच.

हा गुणाकारच आम्हाला जरा तपासायचा आहे.

दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. सौदी रियालही तसाच, ३.७५ ला एक डॉलर. म्हणजे रुपया डॉलरसमोर घसरला की दिरहम आणि रियाल आपोआप महाग होतात. २०१४ मध्ये दिरहम सोळा-सतरा रुपयांना होता, २०२५ च्या अखेरीस चोवीसच्या घरात गेला. तेव्हा ज्या शिक्षकाला चार हजार दिरहम मिळायचे त्याला आजही तेवढेच मिळत असतील, तरी गावाकडे सगळ्यांना वाटतं की त्याचा पगार वाढला. तिथल्या घरमालकाला, किराणावाल्याला आणि शाळेच्या फीला रुपयाशी काही देणंघेणं नाही. रुपयात मोजायची ती फक्त शिल्लक. पगार दिरहममध्येच मोजावा.

मोजून बघू. खालचे आकडे उदाहरण म्हणून घेतले आहेत, प्रत्येकाने आपल्या माहितीप्रमाणे ते बदलून पाहावेत. समजा शारजाहमध्ये एकटी शिक्षिका आहे. दुसऱ्या दोन शिक्षिकांबरोबर खोलीत वाटा १,००० दिरहम, खाणंपिणं ७००, येणंजाणं, मोबाइल आणि किरकोळ मिळून ५००. झाले २,२००. उरले २,३००, म्हणजे चोवीसच्या दराने पंचावन्न हजार रुपये. हे चांगले पैसे आहेत, यात वाद नाही. शाळेचं स्टाफ क्वार्टर मिळालं तर अजून चांगले.

आता तोच पगार, पण शिक्षक पुरुष आहे, सोबत बायको आणि दोन मुलं. साधं एक बेडरूमचं घर वर्षाला ३० हजार, म्हणजे महिन्याला २,५००. (भाडं महिन्याला रोख देण्याची सवय विसरा. वर्षभराचे दोन, चार, सहा चेक आधीच द्यायचे असतात, आणि चेक परत गेला तर मोठी कटकट.) खाणंपिणं १,३००. वीज, पाणी, इंटरनेट, मोबाइल ५००. मुलांची फी शिक्षक म्हणून सवलत धरूनही ५००. बेरीज ४,८००. पगार साडेचार हजार. यात अजून बायको-मुलांचा विमा नाही, व्हिसाचा खर्च नाही, आणि जुलैमध्ये चौघांची मुंबईची तिकिटं नाहीत. शाळा सगळ्यांच्या एकदमच सुटतात, म्हणून शिक्षकाला तिकीट नेहमी सगळ्यात महाग काळातच काढावं लागतं.

युएईचा कायदा सांगतो की पगार ४,००० दिरहम असेल, किंवा ३,००० आणि राहायला घर असेल, तर कुटुंबाचा व्हिसा काढता येतो. अनेकांचा गैरसमज इथे होतो. व्हिसा मिळाला म्हणजे परवडतं असं नाही. सरकारने व्हिसासाठी खालची रेषा आखली आहे, घर चालवायची हमी दिलेली नाही.

सौदीत चित्र आणखी स्पष्ट आहे. जुलै २०१७ पासून तिथे परदेशी कामगाराच्या घरच्या प्रत्येक माणसामागे शुल्क सुरू झालं. महिन्याला १०० रियालपासून सुरुवात, दरवर्षी १०० ची वाढ, आणि जुलै २०२० पासून ४००. बायको आणि दोन मुलं धरली तर महिन्याला १,२०० रियाल, वर्षाला १४,४००. रुपयांत साडेतीन लाखांच्या आसपास. आणि हे इक़ाम्याच्या नूतनीकरणाला आगाऊ भरायचं. शिक्षकाचा स्वतःचा इक़ामा आणि वर्क परमिटचा खर्च कायद्याने मालकावर आहे, पण कुटुंबाचं हे शुल्क साधारणपणे ज्याचं त्याने भरायचं. त्याच जुलै २०२० मध्ये व्हॅट ५ वरून १५ टक्के झाला. पाच हजार रियाल पगाराचा शिक्षक कुटुंब ठेवतो, तेव्हा पगाराचा जवळपास चौथा हिस्सा फक्त ते तिथे राहतात म्हणून जातो. त्या तीन-चार वर्षांत किती कुटुंबं रियाध-जेद्दाहहून परत आली, मुलांची नावं अर्ध्या वर्षात गावच्या शाळेत घातली गेली, हे कोकणातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. रियाधमध्ये भाडी इतकी चढली की सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारला पाच वर्षं भाडेवाढ रोखण्याचा निर्णय घ्यावा लागला. वाढ थांबली, पण चढलेलं भाडं खाली आलं असा त्याचा अर्थ नाही.

(जेद्दाहला राहणारे म्हणतात, काही असो, दर महिन्याला उमरा होतो. ते खरंच आहे आणि ते पगाराच्या रकान्यात मांडता येत नाही. आम्हीही मांडत नाही.)

आता एक कडू गोष्ट. त्याच शहरात इंग्रजीच शिकवणारा दुसरा शिक्षक घर, तिकीट आणि मुलांच्या फीसकट दहा हजार दिरहमच्या वर घेत असतो. तो ब्रिटिश किंवा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत असतो आणि त्याचा पासपोर्ट वेगळा असतो. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत साधारण तीन ते पाच हजारांत मामला आटोपतो. याचं एक कारण सरळ आहे: भारतीय शाळेची फी भारतीय कामगाराला परवडेल अशी ठेवलेली असते, त्यामुळे शिक्षकाला द्यायला पैसाही तेवढाच. पण भाषाशिक्षणाच्या बाकीच्या जागांवर, विद्यापीठांच्या पूर्वतयारी वर्गांत वगैरे, "नेटिव्ह स्पीकर हवा" ही अट पात्रतेपेक्षा पासपोर्टच जास्त बघते. हे फक्त आखातात आहे असंही नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी २०१० मध्ये लागू झालेल्या व्यापार करारामुळे अध्यापन पात्रता असलेल्या भारतीयांसाठी एक छोटी खिडकी उघडली, पण आपल्याकडे ती फार थोड्यांना माहीत आहे.

पगार खाली राहण्याचं दुसरं कारण आपल्या घरातच आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. आखातातल्या भारतीय शाळांमध्ये शिकवणाऱ्या कितीतरी बायका नवऱ्याच्या व्हिसावर तिथे आलेल्या असतात. घर नवऱ्याच्या कंपनीचं, इक़ामा नवऱ्याकडून. शाळेला ना घर द्यावं लागतं, ना तिकीट. म्हणून शाळा अडीच-तीन हजारही पुढे करते आणि शिक्षिका घेते, कारण तिच्या घराला तो वरचा पैसा असतो. त्या कुटुंबाचं गणित जमतं, किंबहुना आमच्या मते आज सगळ्यात चांगलं त्यांचंच जमतं. पण त्याच पगारावर भारतातून एकटा शिक्षक बोलावला की त्याचं फाटतं. शाळेला दोघांत फरक दिसत नाही. स्टाफरूममध्ये शेजारी बसून एकच पगार घेणाऱ्या दोघांपैकी एक बचत करत असतो आणि दुसरा उधारी. यात त्या शिक्षिकांचा काही दोष आहे असं आम्ही म्हणणार नाही. वर्षानुवर्षं तिकीट, घर आणि वाढ न देता शाळा चालवणाऱ्यांना मात्र याचा जाब विचारायला हवा. पालकसभेत विचारायला आपलेच लोक तिथे बसलेले असतात.

ऑफर लेटर हातात आलं की एकूण आकड्याच्या आधी बेसिक बघा. युएईत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या, आणि नंतर ३० दिवसांच्या बेसिक पगारावर निघते. साडेचार हजारांत बेसिक २,००० आणि बाकी भत्ते असतील, तर पाच वर्षांनी ७,००० दिरहम हातात येतात. बेसिक ४,००० असेल तर १४,०००. काम तेच, एकूण पगार तोच. सौदीत हिशोब वेगळा. पहिल्या पाच वर्षांना अर्धा-अर्धा महिना, पुढे पूर्ण महिना, पण स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही आणि दोन ते पाच वर्षांत फक्त एक तृतीयांश. आमच्या परिचयातली एक शिक्षिका आईच्या आजारपणामुळे अठरा महिन्यांनी परत आली. तिला वाटत होतं काहीतरी हक्काचं मिळेल. मिळालं ते फक्त परतीचं तिकीट, आणि तेही भांडून.

एजंटाचं थोडक्यात. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. युएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगारावर टाकायलाच बंदी आहे. दीड लाख मागणारा माणूस शाळेचं नाव कितीही मोठं सांगत असला तरी त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावा. अपोस्टिलचा खर्चही आधीच धरावा. सौदी अरब डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल करारात आला, त्यामुळे तिकडची कागदपत्रं पूर्वीपेक्षा सोपी झाली आहेत.

राहिली ट्यूशन. इंग्रजीच्या शिक्षकाची खरी वरकमाई तीच, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ती लपूनछपून करत होते, कारण परवान्याशिवाय शिकवणं गुन्हा होता. डिसेंबर २०२३ मध्ये युएईने खाजगी शिकवणीसाठी दोन वर्षांचा परवाना सुरू केला, तोही मोफत. शाळेत नोकरी करणारे शिक्षकही त्यासाठी अर्ज करू शकतात. संध्याकाळी चार-पाच मुलं घरी शिकायला आली तर वरचा ४,८०० चा हिशोब तुटीतून बाहेर येऊ शकतो. मात्र त्यासाठी शाळेची अडवणूक नको. काही शाळा करारातच बाहेर शिकवणार नाही असं लिहून घेतात. ते कलम सही करण्याआधी शोधा, आणि सापडलं तर काढून टाकायला सांगा. शाळा मार्चमध्ये घाईत असते. तेव्हा मागितलेलं अनेकदा मिळतं, जूनमध्ये मागितलं तर कुणी ऐकत नाही.