पोरगी एक, खाती दोन

प्रति,
मा. आयुक्त, आदिवासी विकास, नाशिक
मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, पुणे

महोदय,

सुरगाण्याच्या पाड्यांवर खो-खोचं मैदान आखायला फक्की नसली तर चुलीतली राख चालते. खांबाजवळ सूर मारून कोपर सोललं, की त्यावर हळद दाबून पोरी पुन्हा खेळायला उभ्या. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी जिंकला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आमच्या पोरींना वाट दिसली ती तेव्हा.

बारावीनंतर त्या वाटेला दोन फाटे फुटतात. आदिवासी विकास खात्याकडे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह, तिथे जागा नसेल तर स्वयम् योजना. तिथे हजेरी बघतात. दुसरीकडे खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला 10,000 रुपये हातखर्च. तिथे कामगिरी बघतात. शिबिराला गेली की वर्गात गैरहजर, परीक्षेला थांबली की निवडचाचणी हुकली. गुडघा दुखावला तर दोन्हीकडून गेली. घरचे तोवर द्राक्षांच्या हंगामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेले असतात. मग विरळणीची कात्री तिच्याही हातात येते.

सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण पदासाठी लागणारं शिक्षण त्यात माफ होत नाही. पदवी हुकली तर चांगल्या पदांच्या अर्जाला खेळाचं प्रमाणपत्र जोडायचं तरी कशाला? शिक्षणाची मदत खेळावर न टांगताही देता येते. अमेरिकेतली आयव्ही लीग विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. घरची गरज बघून मदत करतात. तिथे खेळ सुटला म्हणून फी अंगावर पडत नाही. आमच्या पोरींना खेळाचे पैसे हवेतच, पण त्यांच्या शिक्षणाला असा आधारही हवा.

मागणी साधी आहे. मान्यताप्राप्त शिबिरं आणि स्पर्धांचे दिवस शिष्यवृत्तीसाठी हजेरीत धरा. त्या काळात बुडालेली परीक्षा पुन्हा घ्यायला विद्यापीठाला सांगा. खेळताना जायबंदी झालेल्या मुलीचं वसतिगृह आणि मदत पदवी होईपर्यंत चालू ठेवा. पुढच्या प्रवेशांआधी दोघांच्या सहीचं एक परिपत्रक निघालं, तरी पुष्कळ होईल.

खो-खोत शेजारचे दोघे विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, तरी संघ एकच असतो. आपली खातीही तशीच बसली आहेत. खो तेवढा द्यायचा राहिलाय.

आपला,
सुरगाण्यातला एक क्रीडाशिक्षक