शब्दांची जात

एखाद्याला तोंडावर जात विचारणे आपल्याकडे हल्ली असभ्य समजतात. आडनाव विचारून काम भागवतात. अपवाद एकच, व्याकरणाचा तास. तिथे भर वर्गात शब्दाला खणखणीत आवाजात जात विचारली जाते. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत 'पार्ट्स ऑफ स्पीच'ला नावच मुळी 'शब्दांच्या जाती' असे आहे. मग इंग्रजी शब्द तरी कसे सुटणार?

या प्रकाराविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी आज करणार आहे.

आमच्या शेजारच्या सहावीतल्या मुलाला परीक्षेत प्रश्न आला : 'आयर्न' हे कोणत्या प्रकारचे नाम? त्याने 'कॉमन नाउन' लिहिले. बाईंनी लाल फुली मारली. उत्तर म्हणे 'मटीरियल नाउन'. पोरगा म्हणाला, "काका, आमचं आयर्न तर कपाटावर असतं. आई त्याने शर्ट करते." आता सांगा, चुकले कोण? लोखंड म्हटले तर मटीरियल. 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री, ती कॉमन. 'आयर्न युवर शर्ट' म्हटले की क्रियापद. वाक्याबाहेरचा शब्द म्हणजे बिनखात्याचा मंत्री. त्याला खाते विचारून फुली कसली मारता?

'राउंड' तर याहून बेरकी. टेबल राउंड असते तेव्हा विशेषण, डॉक्टर राउंडला येतात तेव्हा नाम. 'राउंड द कॉर्नर'मध्ये शब्दयोगी, 'टर्न राउंड'मध्ये क्रियाविशेषण आणि जहाज भूशिराला राउंड करते तेव्हा क्रियापद. एकट्याने पाच घरचे पाणी भरणारा गडी! आणि 'झेरॉक्स'? जन्माने कंपनीचे नाव, म्हणजे शुद्ध विशेषनाम. पण आमच्या गल्लीत रोज 'दोन झेरॉक्स काढून आण' चालते.

बरे, या आठ जाती तरी आकाशातून पडल्या का? ग्रीक डायोनिसियस थ्रॅक्सने आठ मोजल्या. पुढे रोमनांच्या लॅटिनमध्ये आर्टिकलच नव्हते, म्हणून एक जागा रिकामी झाली. त्यांनी तिथे केवलप्रयोगी अव्यय बसवले आणि आठाचा आकडा शाबूत ठेवला. कमिटीचा कोरम असाच भरतात. आमच्या यास्काने चारांत भागवले, पाणिनीने तर पद दोनच प्रकारचे मानले.

कलेक्टिव्ह नाउनची तऱ्हा आणखी न्यारी. सिंहांचा 'प्राइड', हंसांचा 'गॅगल'. पोरे घोकून घोकून बेजार. यातल्या कितीतरी नावांची यादी १४८६ साली 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स'मध्ये छापली गेली, शिकारीचा शौक असलेल्या इंग्रज सद्गृहस्थांसाठी. त्यातच जोगिणींच्या घोळक्याला 'सुपरफ्लुइटी', म्हणजे 'फाजील भरणा' म्हटले आहे. ती थट्टा होती हो! डोंबिवलीच्या मुलाला सिंहांचा कळप भेटणार कुठे? त्याला भेटतो तो लोकलमधला 'क्राउड', तो शिकवावा लागत नाही.

आणि जे शिकवायला हवे, ते राहून जाते. नामांचे पाचही प्रकार धडाधडा म्हणणारा मुलगा मोठा होऊन मुलाखतीला जातो, 'फर्निचर्स' किंवा 'ॲडव्हायसेस' म्हणतो आणि समोरचे साहेब गालात हसतात. तो त्या दिवसापासून इंग्रजीत तोंड उघडत नाही. राग येतो तो याचा. कोणते नाम मोजायचे आणि कोणते नाही, एवढे त्याला कोणी नीट सांगितले असते तर ही पाळी आली नसती.

सांगणे अवघडही नाही. आपण 'तांदूळ निवडले' म्हणतो, पण 'साखर आणली'. पोहे नेहमी अनेक, रवा नेहमी एक. का? दाणे मोजून कोणी ठरवले नाही, भाषेची सवय. इंग्रजांचे तसेच : 'ओट्स' अनेक, 'व्हीट' एक. केस आपल्याला अनेक, त्यांचे 'हेअर' एकच, टक्कल पडलेले असो वा नसो. 'न्यूज'च्या शेपटीला एस असून ती एकवचनी. आपण दोन सल्ले देतो, त्यांना 'पीस ऑफ ॲडव्हाइस' द्यावा लागतो. आपल्याकडचे सल्लागार मात्र तुकड्यावर थांबत नाहीत, अख्खी भाकरी वाढतात. 'साखरा' जसे आपण म्हणत नाही, तसे ते 'फर्निचर्स' म्हणत नाहीत. पाच मिनिटांचा धडा!

तेव्हा गुरुजनांनो, शब्द विचारायचा तर वाक्यासकट विचारा. तो तिथे काय काम करतो ते पाहा आणि त्यावरून त्याची ओळख ठरवा, जन्मावरून नको. माणसांच्या बाबतीत हे जमायला आपल्याला अजून वेळ लागेल असे दिसते. निदान शब्दांपासून तरी सुरुवात करू या.