आधी लेकराची उंची, मग तिकीट

फेब्रुवारी संपत आला की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत उन्हाळ्याच्या सुट्टीची बोलणी सुरू होतात. मामाचे गाव आणि चिखलदरा ही ठरलेली ठिकाणे अजून आहेतच. पण गेल्या काही वर्षांत मुलांच्या हट्टात थीम पार्कची भर पडली आहे. हैदराबादची रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून आहे, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले आणि हैदराबादलाच वंडरला २०१६ मध्ये आले. यांतले एकही वऱ्हाडात नाही. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला इमॅजिका म्हणजे सकाळी निघून रात्री घरी परतणे. आपल्याकडच्या कुटुंबाला त्यासाठी दोन रात्रींचा प्रवास, तीन-चार दिवसांची रजा आणि घरखर्चातून वर्षभर बाजूला काढलेला पैसा लागतो. तिकडच्यांचा एखादा दिवस फसला, तर पुढचा रविवार असतो. आपल्याला तो नसतो. म्हणून आखणीचा विचार आपण अधिक गांभीर्याने करायला हवा.

ही आखणी बहुधा रजा आणि तिकिटापासून सुरू होते. रजा मंजूर झाली, गाडीचे आरक्षण मिळाले, हॉटेल ठरले की काम झाले असे आपण धरून चालतो. सोबत येणाऱ्या प्रत्येकाला तिथे दिवसभर काय करता येणार आहे, हा प्रश्न मात्र प्रवेशद्वार ओलांडल्यावर पुढे येतो. आमचे म्हणणे साधे आहे. आखणी घरातल्या सर्वांत लहान लेकरापासून आणि सर्वांत वयस्क माणसापासून सुरू करावी. त्या दोघांचा दिवस नीट लागला की मधल्यांचा लागतोच. उलट्या क्रमाने तो लागत नाही.

आधी लहानांचे पाहू. मोठ्या राइडवर प्रवेश वय पाहून मिळत नाही, उंची पाहून मिळतो. छातीवर येणारा अडसर किंवा मांडीवरचा दांडा ठरावीक बांध्याच्या शरीरालाच घट्ट धरतो. लहान अंग त्यातून निसटू शकते. इमॅजिकातला ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे आणि त्याच्या आसनांखाली पाय टेकायला तळ नाही. अशा राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. तासभर रांगेत उभे राहिलेले आठ-नऊ वर्षांचे लेकरू त्या पट्टीला पाठ लावते, हळूच टाचा उचलते, कर्मचारी त्याला टाचा खाली टेकवायला लावतो आणि दोन बोटे कमी भरतात. मोठा भाऊ आत जातो, धाकटा रडत बाहेर येतो आणि वडील कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू लागतात. हे सगळे घरीच टाळता येते. दाराच्या चौकटीला उभे करून उंची मोजावी, पार्कने दिलेल्या राइडच्या यादीशी ती ताडून पाहावी आणि कशात बसता येईल, कशात नाही, हे लेकराला निघण्यापूर्वीच सांगावे. नियम सैल करण्याची गळ कर्मचाऱ्याला कधीच घालू नये. तो आपल्याच लेकराचा जीव सांभाळत असतो.

थोरांचा प्रश्न वेगळा आहे. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वेगवान राइडवर बसायचे नसते. वॉटर पार्कमध्ये यात कपड्यांची भर पडते. सुती कपडे, साडी, सलवार-कमीज घालून पाण्यात उतरू देत नाहीत. कपडा घसरगुंडीत अडकू शकतो आणि त्याचे धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रात जातात. हे आधी ठाऊक नसलेल्या घरातली बाई सकाळपासून काठावर बसून राहते. तिच्या मांडीवर सगळ्यांचे मोबाइल, शेजारी पाच जणांच्या चपला आणि खांद्यावर ओले टॉवेल असतात. तिचेही तिकीट काढलेले असते आणि सुट्टी तिलाही हवी असते. अंगभर झाकणारा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख निघण्यापूर्वी गावातल्या बाजारातून घेतला आणि सामान लॉकरमध्ये ठेवण्याचे आधीच ठरवले, तर हा दिवस तिचाही होतो. तिला पाण्यात उतरायचेच नसेल, तर तिच्यासाठी दिवसाचे दुसरे काही ठरवणे हाही आखणीचाच भाग आहे.

या कसोटीवर शिर्डीसारखे ठिकाण वऱ्हाडातल्या कुटुंबाला अधिक जुळते. साईबाबांच्या दर्शनाला आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जातात. संगमनेरच्या मालपाणी समूहाचे वेट एन जॉय हे जलउद्यान आणि साईतीर्थ हे भक्तिविषयक थीम पार्क तिथेच आहेत. आजी-आजोबांचे दर्शन, त्यांना बसून पाहता येईल असे काही आणि मुलांचे पाणी, हे एकाच गावात जमते. मोठ्या नावाचे पार्क पुढच्या वर्षी, पोरे थोडी उंच झाल्यावर करावे. यात कमीपणा नाही.

कधी जायचे, याचे उत्तर घर कशावर चालते यावर अवलंबून आहे. शेतकरी घराला दिवाळीची सुट्टी उपयोगाची नसते. सोयाबीन काढून होते न होते तोच कपाशीची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी समोर असते. त्या घराला हरभरा निघाल्यानंतर आणि पेरणीची धावपळ सुरू होण्यापूर्वीचा मेचा पहिला पंधरवडा सोयीचा. नोकरदार घराला आणखी एक संधी आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. मुंबई-पुण्याची मुले तोवर वर्गात बसलेली असतात आणि कामाच्या वारी पार्कमधल्या रांगा आखूड होतात. मात्र तेव्हा कोकणात पावसाळा लागलेला असतो. विजा चमकू लागल्या किंवा जोराचा पाऊस आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात, हे धरूनच जावे.

मे महिन्यात जाणाऱ्यांनी उन्हाबद्दल एक गैरसमज सोडायला हवा. अकोल्याचे ४५ अंश सोसणाऱ्याला खोपोलीचे ३५ अंश काय करणार, असे आपल्याला वाटते. आपले ऊन कोरडे असते. घाम लगेच वाळतो आणि अंग गार होते. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगातली उष्णता अंगातच राहते. १६ एप्रिल २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातल्याच खारघरला भर उन्हात झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशीचे तापमान अकोल्याच्या मानाने नेहमीचेच म्हणावे असे होते. म्हणून दुपारी बारा ते चार हा वेळ छताखालच्या खेळांसाठी आणि जेवणासाठी ठेवावा. मिठा-साखरेचे पाणी तहान लागण्याची वाट न पाहता देत राहावे आणि म्हाताऱ्या माणसांना उन्हातल्या रांगेत उभे करू नये.

प्रवासाची आखणीही सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्क माणसाला समोर ठेवून करावी लागते. अमरावतीहून संध्याकाळी सुटणारी मुंबई एक्सप्रेस कल्याणला पहाटेच पोहोचते. तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल आणि पुढे रिक्षा. पार्क उघडायला मात्र तास न्‌ तास असतात. अर्धवट झोपेतली लेकरे, पाय सुजलेली आजी आणि सामान घेऊन हा वेळ काढायचा कुठे, याचे उत्तर तिकीट काढतानाच हवे. उत्तम म्हणजे पहिला दिवस मुक्कामाला पोहोचून अंघोळ, जेवण आणि झोप यांसाठी ठेवावा आणि पार्क दुसऱ्या दिवशी करावे. एका मुक्कामाचा खर्च वाढतो, पण ज्यासाठी आलो तो दिवस कामी येतो. समृद्धी महामार्गामुळे स्वतःच्या गाडीने जाणे सोपे झाले आहे. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून हा ७०१ किलोमीटरचा रस्ता नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे सलग आहे. पण रात्रभर गाडी हाकून सकाळी पार्कच्या दारात उभे राहण्याचा बेत करू नये. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला झापड येते. दिवसा निघावे, टायर तपासून घ्यावेत आणि दर दोन तासांनी थांबावे.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी वेगळा बर्थ हवा असेल, तर भाडे पूर्ण लागते, हेही हिशेबात धरावे. साठ दिवसांच्या या मुदतीमुळे शासनाच्या कारभाराचा प्रश्न थेट घरात येतो. २०२५ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे वेळापत्रक मार्चमध्ये दिले. २६ एप्रिलच्या गाडीचे आरक्षण २५ फेब्रुवारीलाच खुले झालेले होते. दरवर्षीप्रमाणे परीक्षा एप्रिलच्या मध्यावर संपतील या भरवशावर ज्यांनी आधीच्या तारखा घेतल्या, त्यांना तिकिटे रद्द करावी लागली किंवा परीक्षेवर पाणी सोडण्याचा विचार करावा लागला. विदर्भातल्या उन्हात एप्रिलच्या अखेरीस परीक्षा घेण्याचा त्रास निराळाच. राज्यभर एक वेळापत्रक असावे, यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण परीक्षा कधी संपणार आणि शाळा कधी उघडणार या दोन तारखा पालकांना शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच कळायला हव्यात आणि विदर्भाच्या तारखा इथले ऊन पाहून ठरायला हव्यात. आगाऊ आखणी करा, असे पालकांना सांगायचे, तर शासनाने स्वतः ती आधी केली पाहिजे.

खर्चाबद्दल थोडक्यात. पार्कच्या तिकिटाचे दर वारानुसार बदलतात आणि वर १८ टक्के जीएसटी असतो. जाहिरातीतला दर करासह आहे की नाही, हे पाहून घ्यावे. बाहेरचे खाणे बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. दशम्या आणि ठेच्याची शिदोरी घेऊन निघणाऱ्या आपल्या माणसांना ती दाराशी सोडावी लागते, तेव्हा वाईट वाटते आणि आतल्या जेवणाचे दर पाहून धक्काही बसतो. शिदोरी प्रवासासाठी ठेवावी, आतल्या जेवणाचे पैसे वेगळे काढावेत. तान्ह्याचे खाणे आणि औषधे यांबाबत नियम काय आहे, ते आधी विचारून घ्यावे.

सुरक्षिततेचा भार मात्र सगळा पालकांवर टाकता येणार नाही. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका गेम झोनला आग लागून २७ जण गेले, त्यात मुले होती. ते ठिकाण आवश्यक परवानग्यांशिवाय चालू होते. सुट्टीत आपल्या शहरांच्या मैदानांवर लागणारे मेळे, त्यांतले आकाशपाळणे आणि मॉलमधले खेळघर यांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. पाळणा शेवटचा कधी तपासला, कोणी तपासला आणि अग्निशमन विभागाची परवानगी कधीपर्यंत आहे, हे प्रत्येक ठिकाणी दारावर मराठीत लावणे बंधनकारक करावे. महापालिकांना यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. मैदान भाड्याने देतानाच ही अट घालता येते.

आणि शेवटचा मुद्दा. सगळ्या वयांच्या माणसांना एकत्र दिवस घालवता येईल अशी जागा वऱ्हाडाच्या कल्पनेबाहेरची नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानने आनंद सागर उभे केले, तेव्हा तलावातल्या बेटावर ध्यानकेंद्र होते, झाडांची सावली होती, मुलांसाठी झुकझुक गाडी होती आणि आवार स्वच्छ होते. आजोबा बाकावर बसत, नातवंडे गाडीत बसत आणि काठावर बॅगा सांभाळत बसण्याची पाळी कुणावर येत नसे. पुढे त्याचे मनोरंजनाचे रूप बंद झाले आणि ती पोकळी तशीच राहिली. अमरावती आणि अकोल्याच्या महापालिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी अशी जागा पुन्हा उभी करण्याचा विचार करावा. ज्या घरांना खोपोली किंवा हैदराबाद कधीच परवडणार नाही, त्यांच्या लेकरांनाही सुट्टीचा एक दिवस हवा असतो. ज्यांना परवडते, त्यांनी तो सर्वांत लहान आणि सर्वांत थोर माणसाला समोर ठेवून आखावा. ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी तो गावात उपलब्ध करून देणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे.