सायकल मिळाली, साईडपट्टीचं काय?

कडा (ता. आष्टी) : मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सरकार सायकलीसाठी पैसे देतं. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. चांगलंच झालं. पण सायकल चालवायची कुठं?

कड्यासारखी गावं हमरस्त्यावर. दिवाळीनंतर कारखाने पेटतात, उसाच्या डबल ट्रॉल्या धावतात; कित्येकींना मागं लाल दिवा नसतो. साईडपट्टी खचलेली. मागून हॉर्न वाजला की पोरगी डांबरावरून खाली उतरते आणि तिथंच घसरते. तिथं मुरूम टाकून दाबायला असा किती खर्च येतो?

तोवर घरच्यांनी ब्रेक तपासावेत, मागं रिफ्लेक्टर लावावा. दप्तर हँडलला नको, कॅरिअरला बांधावं. ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचावी. हमरस्त्यावर एकामागं एक. गप्पा अन् शर्यत वस्तीच्या रस्त्यावर, खरी मजा तिथंच.

याच दिवसांत बीडमधले हजारो आईबाप ऊसतोडीला जातात. पोरगी आजीजवळ राहते. ती एकदा पडली, की आजी म्हणते, "राहू दे बाई शाळा."