अडगळ झाली म्हणून घर पाडायचे?

कला शाखेचा विद्यार्थी आणि यंत्र यांचे सख्य नसते, असा एक समज आपल्या महाविद्यालयात रूढ आहे. तो इतरांनी पसरवला म्हणावा, तर तसेही नाही. आपणच तो मोठ्या हौसेने जोपासला आहे. "आम्ही बुवा आर्ट्सवाले, आम्हांला त्यातलं काय कळणार?" हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे. यंदा ते फार महागात पडता पडता राहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या विभागात लिनक्सवर चालणारा एक संगणक आहे. विद्यार्थ्यांनी तीन वर्षे गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात आहेत. त्या गाणाऱ्यांपैकी दोन आजी आज हयात नाहीत. या साऱ्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. हा आमचाच गाढवपणा. तो आधीच कबूल करते.

एके सकाळी परवलीचा शब्द टाकला, तर पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तोच शब्द विचारू लागला. दहा वेळा तेच. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, पडद्याची सिस्टीम बिघडलीय. फॉरमॅट मारून सगळं नव्यानं टाकावं लागेल. आतलं काही राहणार नाही." मॅडमनी एक दिवस मागून घेतला.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चुकीचा शब्द टाकला, की यंत्र स्पष्ट 'चूक' म्हणे. बरोबर टाकला, की काही न बोलता पुन्हा दारात आणून सोडी. म्हणजे ओळख पटत होती. अडत होते ते पुढे कोठे तरी. भौतिकशास्त्राच्या एका मैत्रिणीला विचारले. ती म्हणाली, "कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाब." दाबले. चित्रे गेली, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे आली. तेथे नाव आणि परवलीचा शब्द दिला आणि मी सरळ आत!

यात जादू काही नाही. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचली, तेव्हा खिडक्या, चित्रे, बाण यांतले काही नव्हते. चित्रमय पडद्याची 'एक्स' ही व्यवस्था १९८४ मध्ये एम. आय. टी. त सुरू झाली. १९९१ मध्ये आलेल्या लिनक्सनेही हीच मांडणी स्वीकारली. पडदा हे वरचे एक सोंग. ते कोसळले तरी आतला संसार चालू असू शकतो.

मग 'डीएफ' ही आज्ञा दिली. चकती शंभर टक्के भरली होती! आत येताना पडद्याला दोन-चार बारीकसारीक नोंदी लिहाव्या लागतात. लिहायला जागाच नाही, म्हणून तो गपकन मिटत होता. 'डीयू'ने कोणी किती जागा अडवली ते पाहिले. पडद्यावरच्या तक्रारींची एक नोंदवही १४० जीबी फुगली होती. तिच्या शेवटच्या ओळी वाचल्या, तर एकाच प्रोग्रॅमची एकच तक्रार हजारो वेळा. शिवाय आम्ही 'पुसलेल्या' कितीतरी फाइली कचरापेटीत जागा अडवून बसलेल्या.

आधी ओव्या बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. अक्षरांच्या पडद्यावर पुसलेले कचरापेटीत जात नाही, कायमचे जाते. मग ती नोंदवही पुसली, कचरापेटी रिकामी केली आणि तो तक्रारखोर प्रोग्रॅम आपोआप सुरू होणे बंद केले. यंत्र पुन्हा चालू केले, पडदा उघडला. आणखी एक गंमत कळली. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसला असेल, तर ती पुसल्यावर नाव जाते, पण तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही.

त्या गृहस्थांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. फॉरमॅट करूनही यंत्र चालले असते. पण तोच प्रोग्रॅम पुन्हा टाकला असता, तर काही महिन्यांनी चकती पुन्हा भरली असती. आणि ओव्या गेल्या त्या गेल्याच. माझे म्हणणे एवढेच, की लक्षण दिसले पडद्यावर, रोग होता चकतीत, आणि मधली वाट वाचनाची होती. नोंद वाचावी, पुनरुक्ती हेरावी, न बोललेल्याचा अर्थ लावावा, हे आपण वर्गात रोज करतो. मग यंत्रासमोरच आपण निरक्षर का व्हावे?

काही प्राध्यापक म्हणतील, हे आपले काम नव्हे. मला नम्रपणे वाटते, की ज्याचा ठेवा त्याने निदान कुलपाची माहिती ठेवावी. आपल्या प्रत्येक विभागात वर्षातून एक तास यासाठी द्यावा. जागा किती उरली ते पाहायचे कसे, दुसरी प्रत ठेवायची कोठे, आणि "सगळं पुसावं लागेल" असे कोणी म्हटले तर आधी कोणते प्रश्न विचारायचे, एवढे शिकवले तरी पुरे.

त्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. ऐकायला जरूर या.